आव्हेनिदा दे मायोवरचा मुक्काम

आपल्या मराठीत ‘हॉटेल’ या शब्दाने थोडा गोंधळच घातलेला आहे. हॉटेलात आपण जातो ते मिसळ खायला नाही तर चहा प्यायला. मुक्कामाला जातो ते लॉजवर. ‘लॉजिंग-बोर्डिंग’ अशा पाट्या वाचतच आपल्या दोन-तीन पिढ्यांनी परगावच्या रात्री काढल्या. ‘हॉटेलात उतरलो आहे’ असे कुणी सांगितले की गडी बरा कमावत असावा, असे ऐकणाऱ्याला वाटे. त्यामुळे अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनोस आयर्समध्ये, या एकाच शब्दाची चार-पाच रूपे आठवडाभरात समोर आली, तेव्हा मला फारसे नवल वाटले नाही. तिथले लोक ‘ह’चा उच्चार करत नाहीत. ते ‘ओतेल’ म्हणतात. पण त्या ओतेलात श्रीमंतही राहतो, कवीही राहतो, बोटीतून नुकताच उतरलेला निर्वासितही राहत असे, आणि भाड्याचे घर न परवडणारे कुटुंबही वर्षानुवर्षे राहते.

२०१८ च्या सप्टेंबरात मी त्या शहरात आठ रात्री राहिलो. जुन्या गोद्यांच्या जागी नदीकाठी जी नवी वस्ती उभी राहिली आहे, तिथे काचेची उंच हॉटेले आहेत. ती सोडून मी शहराच्या मध्यभागी, आव्हेनिदा दे मायो या रस्त्यावरचे एक जुने हॉटेल निवडले. त्यामागे काही मोठी रसिकता होती असे नव्हे. ते स्वस्त होते आणि चालत सगळीकडे जाता येत होते, एवढेच. हॉटेलचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे ते त्याच्यासारख्या अनेकांचे आहे.

दारातून आत शिरले की संगमरवरी जिना. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. जिन्याच्या पोकळीत जाळीची लिफ्ट. तिची दोन्ही लोखंडी दारे आपल्या हाताने नीट ओढून लावल्याशिवाय ती हलत नसे. काउंटरमागे किल्ल्यांचा लाकडी फळा, आणि प्रत्येक किल्लीला एवढा जड पितळी बिल्ला की ती खिशात घालून बाहेर जायचे कुणाच्या मनात येऊ नये. खोलीचे छत उंच, लाकडी जमीन पावलागणिक कुरकुरणारी, आणि रस्त्याच्या बाजूला उभे राहण्यापुरती लोखंडी कठड्याची बाल्कनी. पहिल्याच सकाळी ‘सी’ अक्षराचा नळ थंड पाण्याचा समजून सोडला आणि हात भाजून घेतला. स्पॅनिशमध्ये ‘सी’ म्हणजे ‘कालिएंते’, म्हणजे गरम. परक्या देशात आपले इंग्रजी किती उपयोगाचे, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी समजावले नसते.

या बाल्कनीचे मोल मला दोन दिवसांनी कळले. आव्हेनिदा दे मायो हा रस्ता १८९४ मध्ये खुला झाला. तोरकुआतो दे आल्वेआर या शहराच्या पहिल्या नगरप्रमुखाच्या डोक्यात पॅरिसचे रुंद रस्ते होते. त्यासाठी जुनी वस्ती कापून हा सरळसोट रस्ता काढला गेला. त्याच्या एका टोकाला राष्ट्राध्यक्षांचे गुलाबी रंगाचे कचेरीभवन आणि दुसऱ्या टोकाला संसद. १९१३ मध्ये याच रस्त्याच्या पोटातून दक्षिण अमेरिकेतली पहिली भुयारी रेल्वे धावू लागली. वर घुमटांच्या इमारती, हॉटेले, नाट्यगृहे आणि १८५८ साली स्थापन झालेले ‘कॅफे तोर्तोनी’. सरकार एका टोकाला आणि प्रतिनिधी दुसऱ्या टोकाला असल्यावर मोर्चे कुठून जाणार? ते याच रस्त्याने जातात. आपल्याकडे मोर्चा आझाद मैदानात अडवून ठेवायची रीत पडली आहे. तिथे तो हॉटेलच्या बाल्कनीखालून, ढोल बडवत, थेट राष्ट्राध्यक्षांच्या खिडकीसमोरच्या मैदानापर्यंत जातो. त्याच मैदानात, प्लाझा दे मायोमध्ये, १९७७ पासून बेपत्ता मुलांच्या आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून फेऱ्या घालू लागल्या, तेव्हा देशात लष्करशहांचे राज्य होते.

२४ सप्टेंबरला असाच एक प्रचंड मोर्चा निघाला. दुसऱ्या दिवशी देशभर सार्वत्रिक संप होता. कारण साधे होते. त्या वर्षी एप्रिलमध्ये एका डॉलरला सुमारे २० पेसो मिळत होते. सप्टेंबर संपता संपता ते ४० च्या आसपास गेले. सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे धाव घेतली होती आणि नाणेनिधीबरोबर काटकसर आली होती. संपाच्या सकाळी मी न्याहारीला खाली उतरलो तेव्हा भोजनगृहात दिवे नव्हते. उपनगरी गाड्या बंद, त्यामुळे न्याहारी करणाऱ्या बाई येऊ शकल्या नव्हत्या. रात्रपाळीचे कारकून घरी जाऊ शकले नव्हते. साठीच्या घरातले हे गृहस्थ, टाय तसाच बांधलेला, स्वतः कॉफी करत होते. दुधाची कॉफी, सोबत लहानसा पेला सोडा आणि ‘मेदियालूना’, म्हणजे अर्धचंद्र, या नावाची गोडसर खारी. तीन प्रवाशांपुढे त्यांनी ती अशा अदबीने मांडली की जणू रोज तेच करतात.

माझे मोडके स्पॅनिश आणि त्यांचे मोडके इंग्रजी यांच्या जोरावर आमचे बोलणे सुरू झाले. संपाबद्दल त्यांना काय वाटते, असे मी विचारले.

“वाटायचं काय, सेन्योर? संप बरोबरच आहे. पण हॉटेल कसं बंद ठेवायचं? तुम्ही काय रस्त्यावर झोपणार?”

मग त्यांनी २००१ ची हकिकत सांगितली. १९९१ पासून अर्जेंटिनात एक पेसो बरोबर एक डॉलर, असा कायदाच होता. त्या भरवशावर माणसांनी बँकेत डॉलरमध्ये ठेवी ठेवल्या. यांनीही ठेवली होती, मुलीच्या घरासाठी. २००१ च्या डिसेंबरात सरकारने खाती गोठवली; आठवड्याला २५० पेसो काढता येतील, अशी मुभा दिली. लोक पातेली बडवत रस्त्यावर आले. २० डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष दे ला रूआ राजीनामा देऊन याच रस्त्याच्या टोकावरून हेलिकॉप्टरने निघून गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एका डॉलरच्या ठेवीचे १.४० पेसो, असा हिशेब सरकारने करून टाकला. बाजारात त्याच वर्षी डॉलर साडेतीन पेसोंच्या वर गेला. “बँकेनं पैसे चोरले नाहीत. फक्त त्यांचं नाव बदललं,” असे म्हणून ते माझा रिकामा कप उचलायला लागले.

त्या कपाकडे पाहताना मला माझाच हिशेब आठवला. माझ्या खोलीचा दर एप्रिलमध्ये पेसोंत ठरला होता. पैसे मी सप्टेंबरात देणार होतो. म्हणजे मला ती खोली निम्म्या किमतीत पडत होती. जी झीज, जो जुनेपणा, जो ‘पारंपरिक’ पाहुणचार मी कौतुकाने न्याहाळत होतो, त्याची उरलेली निम्मी किंमत दुसरे कुणीतरी भरत होते. ते दुसरे कुणीतरी माझ्यासमोर उभे राहून कप विसळत होते. प्रवासवर्णनात आपण ‘तिथे स्वस्ताई आहे हो’ असे सहज लिहून जातो. स्वस्ताई म्हणजे कुणाच्या तरी पगाराची घसरण, हे वाक्य आपण लिहीत नाही.

त्यांच्याच सांगण्यावरून मी काय्याओ रस्त्यावरचे ‘बाऊएन’ हॉटेल पाहायला गेलो. या हॉटेलची कथा कादंबरीत शोभावी अशी आहे. १९७८ मध्ये अर्जेंटिनात विश्वचषक फुटबॉल स्पर्धा झाली. त्या निमित्ताने लष्करी राजवटीत, सरकारी विकास बँकेच्या कर्जावर, हे टोलेजंग हॉटेल उभे राहिले. २००१ च्या डिसेंबरअखेर, ऐन कोसळत्या दिवसांत, ते बंद पडले आणि नोकर रस्त्यावर आले. २१ मार्च २००३ रोजी त्यांतले काही जण आत शिरले. त्यांनी धूळ झाडली, नळ दुरुस्त केले, सहकारी संस्था काढली आणि हॉटेल चालू केले. शंभराहून अधिक माणसांचा संसार त्यावर चालू लागला. मोठमोठे निर्णय सभासदांच्या बैठकीत मताला टाकले जात. २०१६ मध्ये संसदेने ही इमारत कामगारांच्या संस्थेसाठी ताब्यात घेण्याचा कायदा केला. त्याच डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष माक्री यांनी तो नाकाराधिकार वापरून रद्द केला.

मी गेलो तेव्हा तळमजल्यावरचा कॅफे गजबजलेला होता. सहकाराच्या चर्चा ऐकतच आपण महाराष्ट्रातली माणसे लहानाची मोठी झालो. साखर कारखान्यापासून दूध संघापर्यंत सहकाराचे तेजही आपण पाहिले आणि काजळीही. त्यामुळे ‘कामगारांनी चालवलेले हॉटेल’ म्हटल्यावर माझे डोळे लगेच पाणावले नाहीत. मालकी हक्काला काही अर्थ आहे. बंद दार ढकलून आत शिरणे हा सर्वत्र लागू करावा असा नियम नव्हे. पण इथे कामगार विचारत होते तो प्रश्नही सहज झटकून टाकता येत नव्हता. सरकारी पैशाने बांधलेल्या, त्या पैशाची पुरती फेड झालेली नाही असे ते म्हणत असलेल्या आणि संकटाच्या पहिल्या झटक्यात टाकून दिलेल्या इमारतीवर अधिक हक्क कुणाचा? कागद ज्याच्याकडे आहे त्याचा, की पंधरा वर्षे ज्याने दिवे लावले त्याचा? संसदेने एक उत्तर दिले, राष्ट्राध्यक्षांनी दुसरे. ज्यांनी चादरी बदलल्या त्यांना उत्तर मिळालेच नाही.

या शहराला एकेकाळी परक्या माणसाबद्दलचा प्रश्न फार स्पष्टपणे सुटलेला होता. १८७६ च्या कायद्याने बोटीतून येणाऱ्या प्रत्येक स्थलांतरिताला पाच दिवसांचा मुक्काम आणि जेवण फुकट देऊ केले. त्यासाठी बंदराला लागून बांधलेले ‘ओतेल दे इनमिग्रांतेस’, म्हणजे स्थलांतरितांचे हॉटेल, १९११ मध्ये सुरू झाले आणि १९५३ पर्यंत चालले. आज तिथे संग्रहालय आहे. एका वेळी सुमारे ३,००० माणसे मावतील एवढी मोठमोठी निजण्याची दालने. शेजारीच दवाखाना आणि काम मिळवून देणारी कचेरी. इटलीतला भूमिहीन, स्पेनमधला गलिसियाचा शेतकरी, पोलंडचा ज्यू असे सगळे आधी इथे जेवले आणि मग देशभर पांगले. आपण त्याला धर्मशाळा म्हटले असते. त्यांनी हॉटेल म्हटले. आलेला माणूस याचक नाही, पाहुणा आहे, असे निदान शब्दात तरी त्यांनी मान्य केले होते. हा पाहुणचार निव्वळ माणुसकीचा नव्हता, हेही खरे. ओसाड माळरानांवर राबायला माणसे हवी होती, आणि ती युरोपातली हवी होती. त्या माळरानांवरचे मूळ रहिवासी त्याआधीच बंदुकीच्या जोरावर हटवले गेले होते. त्यांच्यासाठी कुठल्याही बंदरावर हॉटेल नव्हते.

पाहुण्यांमध्ये आपलाही एक माणूस होता. १९२४ च्या नोव्हेंबरात रवींद्रनाथ टागोर ब्युनोस आयर्सच्या बंदरात उतरले ते आजारी अवस्थेत. त्यांना जायचे होते पेरूला, आयाकुचोच्या लढाईच्या शताब्दी सोहळ्यासाठी. पेरूची राजधानी लिमा पाहुण्यांच्या स्वागताला इतकी सज्ज होत होती, की ‘ग्रान ओतेल बोलिवार’ हे भव्य हॉटेल त्याच सोहळ्यासाठी उभारले गेले. पण डॉक्टरांनी रवींद्रनाथांना पुढे जाऊ दिले नाही. ते उतरले होते १९०९ पासूनच्या ‘प्लाझा’ हॉटेलात. तिथे एक चौतीस वर्षांची बाई त्यांना भेटायला आली. ‘गीतांजली’ तिने आंद्रे जीदच्या फ्रेंच अनुवादातून वाचली होती. तिचे नाव व्हिक्टोरिया ओकाम्पो. आजारी कवीने हॉटेलच्या खोलीत पडून राहणे तिला पटेना. तिने सान इसिद्रो या उपनगरात नदीच्या काठावरचे एक घर मिळवले आणि त्यांना तिथे नेले. ‘पूरबी’ हा काव्यसंग्रह रवींद्रनाथांनी पुढे तिलाच, ‘विजया’ या नावाने, अर्पण केला. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेही तिच्याच खटपटीने. मी प्लाझा हॉटेल पाहायला गेलो, तर दारे बंद. नूतनीकरणासाठी ते २०१७ मध्येच बंद झाले होते. समोरच्या बागेत जाकारांडाची झाडे अजून फुलायची होती. एका बाकावर थोडा वेळ बसलो आणि परतलो.

माझ्या हॉटेलापासून चालत जाण्याच्या अंतरावर ‘कास्तेलार’ होते. १९२९ मध्ये उघडलेल्या या हॉटेलचा वास्तुकार मारिओ पालान्ती. दान्तेच्या महाकाव्यावरून बेतलेली याच रस्त्यावरची ‘बारोलो’ ही इमारत, तीही त्याचीच. १९३३ च्या ऑक्टोबरात स्पेनचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का इथे आला तो नाटकांच्या प्रयोगांसाठी, आणि रमला. पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत तो ७०४ क्रमांकाच्या खोलीत राहिला. शहराने त्याला डोक्यावर घेतले. अडीच वर्षांनी, १९३६ च्या ऑगस्टमध्ये, ग्रानादाजवळ फ्रँकोच्या माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. त्या यादवीत या रस्त्यावरचे स्पॅनिश लोकही दुभंगले. प्रजासत्ताकाच्या बाजूचे एका कॅफेत बसत आणि फ्रँकोच्या बाजूचे समोरच्या कॅफेत. कधीमधी खुर्च्यांची फेकाफेक होई. लोर्काची खोली हॉटेलने जपून ठेवली होती. अरुंद पलंग, छोटे टेबल, खाली रस्ता. एवढ्याशा जागेत माणूस सुखात राहिला, ते खोलीमुळे नव्हे. खाली उतरले की रस्ता होता आणि रस्त्यावर माणसे होती, म्हणून.

आणि आता शेवटचे रूप. याच मध्यवर्ती भागाच्या गल्ल्यांमध्ये ‘ओतेल फामिलियार’ अशा पाट्या दिसतात. शब्दशः अर्थ कौटुंबिक हॉटेल. मी प्रथम समजलो, मुलाबाळांसह येणाऱ्या प्रवाशांची सोय असेल. प्रत्यक्षात तिथे प्रवासी नसतातच. घराचे भाडे, अनामत रक्कम आणि जामीन यांतले काहीच ज्यांना जमत नाही अशी कुटुंबे तिथे एकेका खोलीत राहतात. स्वयंपाकघर सामाईक, न्हाणीघर सामाईक, भाडे महिन्याचे किंवा त्याहून कमी मुदतीचे. गिरणगावातल्या चाळीत ज्याचे बालपण गेले त्याला हे चित्र वेगळे सांगावे लागत नाही. फरक इतकाच की चाळीतल्या भाडेकरूला कायद्याचा आधार होता. हॉटेलात राहणारा, वीस वर्षे राहिला तरी, हिशेबाच्या वहीत पाहुणाच.

२०२० मध्ये महासाथ आली आणि प्रवासी थांबले. त्या वर्षी बाऊएनच्या कामगारांनी सतरा वर्षे सांभाळलेली इमारत सोडली. कास्तेलारचेही दार त्याच काळात बंद झाले. एकाची मालकी वादात होती, दुसऱ्याचा इतिहास पाटीवर कोरलेला होता. बंद पडताना दोहोंचा काहीच उपयोग झाला नाही. ब्युनोस आयर्सने १९९८ मध्ये कायदा करून आपल्या नामांकित जुन्या कॅफेंना शहराचा वारसा मानले, ही समजूतदार गोष्ट. त्या कायद्यामागचा विचार असा, की जपायची ती नुसती भिंत नव्हे, तिथे येऊन बसण्याची रीतही. जुन्या हॉटेलांबाबतही हाच विचार करावा लागेल. दर्शनी भाग जपणे सोपे असते. रंग देता येतो, रात्री दिवे सोडता येतात. पण आत पहाटे कॉफी करणारा माणूस नसेल, तर ते हॉटेल उरत नाही, हॉटेलचे चित्र उरते.

आपल्याला हे सांगायला अर्जेंटिना कशाला हवे? ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि भारताने सिनेमा प्रथम पाहिला. ते हॉटेल कधीच बंद झाले. खोल्यांची कचेरीवजा खुराडी झाली आणि ती लोखंडी सांगाड्याची इमारत टेकूंवर उभी राहिली. आपण तिच्याकडे ‘धोकादायक’ ही पाटी वाचण्यापुरतेच पाहतो.

शहराच्या मध्यभागी परक्याला रात्र काढता येणे ही चैनीची गोष्ट नाही. शहर फक्त कचेरीच्या वेळेपुरते आहे की माणसांसाठी आहे, हे त्यावरून कळते. सगळी मुक्कामाची ठिकाणे विमानतळाजवळ आणि नदीकाठी गेली की मध्यवस्ती संध्याकाळी सातला शटर ओढून घेते. मग मोर्चा निघतो तेव्हा तो पाहायला बाल्कनीत कुणी नसते. म्हणून ही हॉटेले टिकावीत. मात्र ती राबणाऱ्याच्या बुडालेल्या ठेवींवर आणि घसरत्या पगारावर टिकत असतील, तर त्या टिकण्याचे कौतुक करण्याआधी प्रवाशाने आपले बिल पुन्हा एकदा वाचावे.

मी निघालो त्या सकाळी तेच गृहस्थ काउंटरवर होते. बिल पेसोंत, एप्रिलच्या दराने. आजच्या दराने पैसे घ्या, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. “दर ठरला तो ठरला, सेन्योर. आम्ही बँक नाही.” मी वरची रक्कम न्याहारीच्या बाईंसाठी म्हणून काउंटरवर ठेवली. त्यांनी ती मोजली, पाकिटात घातली, पाकिटावर त्यांचे नाव लिहिले आणि मगच माझ्याकडून पितळी बिल्ल्याची किल्ली घेऊन फळ्यावर आपल्या जागी टांगली.